बिनतारी युगातील तार

“आता सगळे बिनतारी झाले, तारांचा जमाना गेला,” असे आपण सर्रास म्हणतो. मीही म्हणत असे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या रात्री मी मोबाईल घेऊन माळवदावर बसलो होतो. रेंज पूर्ण होती, पण उत्पन्नाचा दाखला काही अपलोड होईना. गाव झोपल्यावर, रात्री उशिरा तो गेला. रेंज असून असे का व्हावे?

शोध घेता उत्तर मिळाले. हवेतील लहरी सर्वांच्या सामाईक असतात. टॉवरच्या वाट्याच्या ठराविक लहरींवर सारे गाव एकदम तुटून पडले, की गावातल्या एकुलत्या नळासारखी गत होते. नळ आहे, पण घागर भरत नाही! टॉवरच्या पुढे काही ठिकाणी आणखी एक टप्पा लहरींचाच असतो. पण अखेर माहिती ऑप्टिकल फायबरच्या केसासारख्या काचतंतूत शिरते आणि प्रकाशरूपाने धावते. काच पुरेशी शुद्ध असेल तर प्रकाश तिच्यातून कित्येक किलोमीटर नेता येईल, हे १९६६ साली मांडणाऱ्या चार्ल्स काव यांना २००९ चे नोबेल मिळाले. देशादेशांतील माहितीची बहुतेक ये-जा आजही उपग्रहांतून नव्हे, तर समुद्रतळावरील केबलींतून होते. अशा कित्येक केबली मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात.

बिनतारीला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. डोंगरातल्या वाडीला, चालत्या एस. टी. ला लहरींवाचून गत्यंतर नाही. रस्ता खोदताना केबल तुटते, हेही खरे. परंतु खेड्याला टॉवर दिला म्हणजे काम संपले, ही समजूत मला मान्य नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली. तीच आज भारतनेट म्हणून ओळखली जाते. तिचा खरा लाभ व्हायचा तर पंचायतीपासून शाळा आणि वाचनालय हे अंतरही तारेनेच जोडले पाहिजे.

शहरातील मित्राच्या घरात वायफाय असते, पण त्या वायफायच्या पेटीमागे भिंतीतून आलेली तार असते. आम्हाला मात्र नुसती हवा! अर्ज दोघांचा एकच, शेवटची तारीखही एकच. मग ती तार आमच्या वाचनालयापर्यंत यावी, एवढे मागणे वावगे आहे काय?