कन्सोलची किंमत दुकानात संपत नाही

ईदीचे साठवलेले पैसे, त्यात अब्बांनी घातलेली भर, नाहीतर आखातातून सुट्टीवर येणाऱ्या मामूंकडे केलेली फर्माईश. आपल्या घरांत गेम कन्सोल बहुधा याच वाटांनी येतो. मुले वर्गात मला विचारतात, “सर, कोणता घेऊ?” त्यांच्या अम्मी पालकसभेत विचारतात, “घ्यावा का?” मुलांना चित्र किती स्पष्ट दिसते यात रस असतो. पालकांनी मात्र दोनच गोष्टी विचाराव्यात : हे यंत्र किती वर्षे टिकेल, आणि दरवर्षी त्यापायी किती पैसे भरावे लागतील?

आधी टिकाऊपणा पाहू. मोठ्या कंपनीची वस्तू म्हणजे बिनघोर, असे नसते. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० हा कन्सोल २००५ साली बाजारात आला आणि थोड्याच काळात तो बंद पडू लागल्याच्या तक्रारी वाढल्या. बटणाभोवती तीन लाल दिवे लागले की समजायचे, खेळ संपला. यंत्र तापायचे, थंड व्हायचे, पुन्हा तापायचे. त्यात आतली जोडणी तडकत होती. अखेर २००७ मध्ये कंपनीने या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापायी एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च सोसला.

निन्टेन्डोच्या स्विचचे दुखणे वेगळे. त्याच्या कंट्रोलरची काडी झिजली की कोणी हात न लावताही पडद्यावरचा खेळाडू एका बाजूला सरकत राहतो. २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी या त्रासाबद्दल ग्राहकांची माफी मागितली. सोनीच्या प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरवरूनही अमेरिकेत २०२१ मध्ये दावा दाखल झाला. यातून एक व्यवहारी धडा घ्यावा : मूळ यंत्र टिकले तरी कंट्रोलर बदलावा लागू शकतो, आणि तो स्वस्त नसतो.

उष्णता आणि धूळ हे कन्सोलचे शत्रू, आणि आपल्याकडे दोन्हींची कमतरता नाही. म्हणून तो टीव्हीच्या बंद कपाटात कोंबू नये, वर कापडी आच्छादन घालून खेळू नये, हवा जाण्याच्या फटींतली धूळ वरचेवर काढावी. जिथे वीज सारखी ये-जा करते तिथे चांगला स्टॅबिलायझर किंवा यूपीएस जोडावा. मामूंनी दुबईहून आणलेल्या यंत्राची वॉरंटी इथे चालेलच असे गृहीत धरू नये. स्विचची तर निन्टेन्डो भारतात अधिकृत विक्रीच करत नाही. तो बिघडला तर सगळी मदार ओळखीच्या कारागिरावर.

आता दुसरा प्रश्न, दरवर्षीच्या भाड्याचा. घरी इंटरनेट आहे म्हणजे ऑनलाइन खेळ फुकट, असा अनेकांचा समज असतो. एक्सबॉक्सने २००२ पासूनच ऑनलाइन खेळासाठी वर्गणी घेतली. प्लेस्टेशन ३ वर ही सोय मोफत होती. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आला आणि तिथेही वर्गणी सुरू झाली. स्विचनेही २०१८ मध्ये तीच वाट धरली. आज तिन्ही कंपन्या पैसे घेतात.

एक उदाहरण वहीत मांडा. २०२१ मध्ये भारतात प्लेस्टेशन ५ डिस्कसह ४९,९९० रुपयांना मिळू लागला. २०२२ मध्ये त्याची सर्वांत साधी वार्षिक वर्गणी २,९९९ रुपये होती. पाच वर्षांचे झाले १४,९९५. एकूण ६४,९८५, आणि यात एकही विकतचा खेळ नाही, दुसरा कंट्रोलर नाही. त्यानंतर यंत्राचे आणि वर्गणीचे दोन्ही दर वाढले आहेत, म्हणून आजचा आकडा स्वतः पाहून बेरीज करा. वर्गणीतून दरमहा मिळणारे खेळही आपल्या मालकीचे होत नाहीत. वर्गणी थांबली की ते बंद.

मग काही बचत करता येते का? येते. फोर्टनाइटसारखे मोफत खेळ वर्गणीशिवाय ऑनलाइन खेळता येतात. फक्त त्यांतले पोशाख आणि शस्त्रांचे रंग विकत घेण्याचा मोह आवरावा लागतो. डिस्क लागणारे मॉडेल घेतले तर जुने खेळ स्वस्तात घेता येतात, खेळून झाल्यावर विकता किंवा चुलत भावाला देता येतात. डिस्कशिवायचे मॉडेल आधी स्वस्त वाटते, पण ही वाट बंद करते. फुटबॉल-क्रिकेटचे बरेच खेळ दोन कंट्रोलर जोडून एकाच टीव्हीवर खेळता येतात. त्याला वर्गणी लागत नाही, आणि आपले मूल कोणाशी खेळते आहे हे डोळ्यांसमोर राहते.

एक खबरदारी अवश्य घ्या. एप्रिल २०११ मध्ये प्लेस्टेशनच्या जाळ्यात चोर शिरले, सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिली. म्हणून अब्बांचे बँक कार्ड यंत्रात साठवून ठेवू नका; प्रीपेड गिफ्ट कार्डाने पैसे भरा. वर्गणी आपोआप पुढे चालू राहण्याची सोय पहिल्याच दिवशी बंद करा.

मुलाला थेट नकार देण्याआधी त्याच्या हाती वही द्या. यंत्र, कंट्रोलर, खेळ, पाच वर्षांची वर्गणी, असे चार रकाने त्यालाच भरू द्या. बेरीज पाहून तो कदाचित डिस्कचे मॉडेल निवडेल, कदाचित एक ईद थांबेल. काहीही ठरवले तरी ते हिशेब करून ठरलेले असेल.