झोंबी आले, आता इंग्रजीत बोला!

दहावीच्या इंग्रजीची तोंडी परीक्षा मराठी माध्यमाच्या शाळेत कशी होते, हे परभणी जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. सर विचारतात, ‘व्हॉट इज युवर नेम?’ मुलाचं नाव सरांच्या हजेरीपटावर तीन वर्षांपासून आहे. मग ‘व्हॉट डज युवर फादर डू?’ वडील सेलूच्या मोंढ्यात हमाली करतात, हे सरांना ठाऊक असतं. मुलगा मात्र ‘माय फादर इज अ फार्मर’ असं ठोकून देतो, कारण पाठ केलेलं उत्तर तेच आहे. सर मान डोलावतात, गुण पडतात, पुढचा मुलगा आत येतो. दोघांपैकी कुणीही कुणाला काहीही सांगितलेलं नसतं.

या तोंडी गुणांचं काय करायचं, यावर महाराष्ट्रात एकदा मोठा गदारोळ झाला होता. भाषा विषयांचे २० तोंडी गुण मंडळानं बंद केले आणि त्यानंतरच्या २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, पण सगळं खापर फुटलं ते गेलेल्या गुणांवर. काही महिन्यांतच ते गुण परत आले. या सगळ्या वादात मुलांना इंग्रजीत बोलता येतं का, हा प्रश्न बाजूलाच राहिला. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. म्हणजे आज दहावीला बसणारं मूल दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२३ च्या अहवालानुसार, पाहणी झालेल्या ग्रामीण जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयोगटातल्या ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्यं वाचता येतात. हे झालं वाचण्याचं. बोलण्याची मोजणी तिथंही होत नाही.

बोलणं शिकवायचं कसं, याचं एक उत्तर आपल्याच देशात, साध्या शाळांत सापडलेलं आहे. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रासच्या भागात एक प्रयोग केला. भाषाशिक्षणाच्या जगात तो ‘बंगलोर प्रोजेक्ट’ म्हणून ओळखला जातो. प्रभूंनी व्याकरणाचे धडे बाजूला ठेवले आणि मुलांपुढे इंग्रजीतून कोडी टाकली. रेल्वेचं वेळापत्रक द्यायचं आणि अमुक वाजता अमुक गावी पोचायला कुठली गाडी धरावी, हे शोधायला लावायचं. नकाशा द्यायचा आणि वाट काढायला सांगायची. लक्ष कोड्यावर असलं की भाषा मागल्या दारानं आत येते, हा त्यामागचा विचार होता. माणूस बोलतो तेव्हा त्याच्याकडे समोरच्याला नसलेलं काहीतरी असतं, किंवा दोघांना मिळून काही सोडवायचं असतं. असं अंतर नसेल तर संभाषण घडत नाही, नुसतं पाठांतर होतं. जगभर आज ज्याला कार्याधारित भाषाशिक्षण म्हणतात, त्याच्या पायाशी हा दक्षिणेतला प्रयोग आहे.

आता प्रभूंच्या वेळापत्रकाच्या जागी झोंबी बसवून पाहावा.

जिंतूर तालुक्यातल्या एखाद्या गावाचा नकाशा फळ्यावर काढायचा. शाळा, पाण्याची टाकी, मारुतीचं देऊळ, ग्रामपंचायत, किराणा दुकान आणि येलदरीकडे जाणारा रस्ता. सूचना एवढीच की झोंबींची टोळी दोन तासांत गावात शिरणार आहे. ते हळू चालतात, त्यांना जिना चढता येत नाही आणि ते आवाजाच्या दिशेनं येतात. पाच-पाच जणांचे गट करायचे आणि प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी द्यायची, जी दुसऱ्यानं पाहायची नाही. एकीला ठाऊक आहे की टाकीच्या जिन्याची किल्ली दुसऱ्या गावी गेलेल्या शिपायाकडे आहे. एकाला कळलंय की टेम्पोत जेमतेम वीस किलोमीटरचं डिझेल उरलंय. तिसऱ्याच्या चिठ्ठीत पूल बंद आहे. चौथीकडे आजी आहे, तिला चालवत नाही. पाचव्याला दुकानात काय शिल्लक आहे ते माहीत आहे. चिठ्ठ्या दाखवायच्या नाहीत, सांगायच्या, आणि त्याही इंग्रजीत.

मग मुलं बोलतात, कारण बोलल्याशिवाय गट वाचत नाही. ‘झोंबी कमिंग, वी गो अप’ असंच बोलतात सुरुवातीला, आणि ते चालतं. कुणीतरी विचारणारच, ‘टाकीवर चढून खायचं काय?’ ‘व्हॉट वी विल ईट?’ हे त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी रूप या वर्गातलं पहिलं खरं वाक्य असतं. त्याचं उत्तर आधी कुणालाच माहीत नसतं. ‘इफ’नं सुरू होणारी वाक्यं, ‘शुड’ आणि ‘मस्ट’मधला फरक, ‘बिकॉज’ लावून दिलेली कारणं हे सगळं व्याकरण झोंबीच्या तासाला गरज म्हणून येतं. व्याकरणाच्या पुस्तकात तेच ‘इफ इट रेन्स’ म्हणून येतं आणि पाऊस पडो न पडो, मुलाला काही फरक पडत नाही.

ज्यांना रेल्वे जवळची, त्यांनी परभणी जंक्शन घ्यावं. गाडी हाती लागली आहे. ती गंगाखेडवरून परळीकडे काढायची की पूर्ण्याला न्यायची? पूर्ण्यातून नांदेड धरायचं की हिंगोलीवरून अकोला? जिल्ह्यातल्या मुलांना हे फाटे पाठ आहेत. अनोळखी भाषेत बोलायचं तर निदान विषयाची जमीन ओळखीची असावी.

पण झोंबीच का? घरचं भूत काय वाईट होतं? मराठीला भुतांचा तोटा नाही. एकनाथांच्या भारुडात भूत आहे, नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींनी वाचकांच्या दोन पिढ्यांची झोप उडवली, ‘रात्रीस खेळ चाले’नं घरोघरी दिवे लावून ठेवायला लावले. तरीही वर्गात झोंबीच बरा, आणि त्याचं कारण मराठवाड्यात तरी गंभीर आहे. इथं भानामतीच्या अफवेनं गावंच्या गावं घाबरल्याचा इतिहास आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं गावं पालथी घातली. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं गुन्हा ठरलं. गावातल्या भुताला नाव असतं, झाड असतं, कधी कधी त्याचं बोट एखाद्या एकट्या बाईच्या घराकडे वळतं. असं भूत वर्गात आणलं तर ते शाळा सुटल्यावर मुलांबरोबर घरी जाईल.

झोंबीवर परभणीत कुणाचाच विश्वास नाही. त्याला देवऋषी नाही, उतारा नाही, अमावास्या नाही. तो कुणाच्या अंगात येत नाही आणि कुणाच्या दारात त्याचा संशय येत नाही. नियम ठरलेले आहेत, त्यामुळे त्याच्याशी लढायला नकाशा, हिशेब आणि एकमेकांशी बोलणं एवढंच लागतं. भीतीचा विषय घेऊन विवेकाचा सराव करण्याची ही दुर्मीळ सोय आहे.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं, म्हणजे सीडीसीनं, ही सोय २०११ मध्येच ओळखली. वादळ, भूकंप, साथ यांसाठी घरात पाणी, औषधं, कागदपत्रं तयार ठेवा, असं ते केंद्र वर्षानुवर्षं सांगत होतं आणि लोक वाचत नव्हते. त्या वर्षी मे महिन्यात त्यांनी तोच सल्ला ‘झोंबी आले तर’ या नावानं दिला. वाचकांची एवढी झुंबड उडाली की संकेतस्थळ बंद पडलं. पुढं डेव्हिड हंटर या अमेरिकी शिक्षकानं झोंबीच्या संकटाभोवती शालेय भूगोलाचे धडेच रचले. परभणीत २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाण्यानं काय केलं ते या मुलांनी पाहिलं आहे, आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा पुन्हा पाण्याखाली गेला. ओढ्याला पूर आला तर आधी काय उचलायचं, उंचावर कोणाचं घर आहे, म्हाताऱ्यांना कोण नेणार, हीच चर्चा झोंबीच्या निमित्तानं इंग्रजीत झाली तर एका तासात दोन कामं होतात.

झोंबी परका आहे, हा आक्षेपही फार टिकत नाही. आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ हा सिनेमा २६ जानेवारी २०२२ ला आला, तो डोंबिवलीत घडतो आणि त्यातलं भांडण पाण्याचं आहे. टोलेजंग संकुल आणि शेजारची वस्ती यांच्यातलं. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं ज्या भागानं पाहिलं, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याहून जवळचा दुवा झोंबीच्या जन्मात आहे. ही कल्पना हैतीची. फ्रेंचांच्या काळात तिथं आफ्रिकेतून गुलाम आणून उसाच्या मळ्यांत राबवले जात. मेल्यावरही सुटका नाही, देह उठून पुन्हा मळ्यातच राबणार, ही त्या गुलामांच्या वंशजांची भीती. विल्यम सीब्रुक या अमेरिकी लेखकानं १९२९ च्या आपल्या पुस्तकात झोंबी पाश्चात्त्य वाचकांपुढे आणला, तो उसाच्या फडात काम करणारा मुकाट मजूर म्हणूनच. माणसं खाणारी झुंड ही नंतरची, जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या सिनेमानं रूढ केलेली. गंगाखेड-पालमच्या डोंगरपट्ट्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली मुलं वर्गात बसलेली असतात. नववी-दहावीच्या मुलांना ही मूळ गोष्ट सांगितली तर त्यांच्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ निघेल, आणि ते शहरातल्या इंग्रजी शाळेतल्या मुलांकडे नसेल.

या मुलांना भाषा जमत नाही, हा तर निव्वळ गैरसमज आहे. निजामाच्या राज्यात इथल्या आजोबा-पणजोबांनी उर्दूतून शिक्षण घेतलं. आजही जिंतूरच्या बंजारा तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी बोलतं. बाजारची हिंदी त्याला कुणी तासाला शिकवली नाही. भाव करायचा होता, म्हणून आली. मराठवाड्यातल्याच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात गाडिवाटच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं २०२० मध्ये जपानी शिकताना बातमीत आली. त्यांना रोबोंचं वेड होतं आणि रोबोंचा देश जपान, एवढं कारण त्यांना पुरलं.

खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत. साठ मुलांच्या वर्गात बारा गट एकाच वेळी झोंबीपासून वाचू लागले, तर शेजारचा गणिताचा तास बुडेल. हा तास मैदानात घ्यावा लागेल. करोनात किंवा शेतीच्या संकटात घरातलं माणूस गेलेलं मूल वर्गात असेल, तर मेलेली माणसं उठून येतात हा खेळ त्याच्यापुढे मांडू नये. तिथं झोंबीच्या जागी पूर किंवा बिबट्या घ्यावा, चिठ्ठ्या त्याच राहतात. हे ओळखायला वर्गशिक्षकच हवा. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे अनेक शिक्षकांनाच इंग्रजीत बोलण्याचा संकोच आहे. तो दोष त्यांचा नाही, तेही याच पाठांतरातून आले. राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या ‘तेजस’ प्रकल्पात काही जिल्ह्यांतले प्राथमिक शिक्षक गट करून नियमित भेटत आणि आपसात इंग्रजीचा सराव करत. तसे गट परभणीत माध्यमिक शिक्षकांनीही करायला हरकत नाही. झोंबीच्या तासाला शिक्षकानं अस्खलित बोलायची गरज नसते. सूचनांची आठ-दहा वाक्यं नीट तयार असली की पुढं बोलायचं काम मुलांचं.

तोंडी परीक्षा शाळेतलेच शिक्षक घेतात, म्हणून बदलासाठी पुण्याच्या मंडळाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचं कारण नाही. वीसपैकी निदान दहा गुण दोघा मुलांना न पाहिलेली परिस्थिती देऊन, त्यांच्यातलं बोलणं ऐकून द्यावेत. क्रियापद चुकलं म्हणून गुण कापू नयेत. चिठ्ठीतली माहिती दुसऱ्यापर्यंत पोचली का आणि त्यावर दोघांनी काही ठरवलं का, एवढंच पाहावं. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक तास त्यासाठी काढला आणि शिक्षकांनी आपापल्या गावाचा नकाशा व चिठ्ठ्या तयार केल्या, तर जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांचा साठा एका सत्रात जमतो. खर्च खडूचा आणि कागदाचा. तास मात्र पहिल्या सत्रात, दिवाळीच्या आत घ्यावेत. त्यानंतर डोंगरपट्ट्यातल्या शाळांमधली काही मुलं आईवडिलांबरोबर कारखान्यांवर निघून जातात. जी मागं हंगामी वसतिगृहात राहतात, त्यांना संध्याकाळी वेळ असतो, आणि चिठ्ठ्यांचा एक संच तिथल्या अधीक्षकांकडेही देऊन ठेवता येईल.