ताकाची वाटी

१९९८ साली देगलूरहून अलिबागला शिक्षिका म्हणून गेले. खोली मिळाली इस्राएल आळीजवळ. घरमालकीण बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. पण आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’, आणि बोलणं आमच्यापेक्षा अस्सल मराठी. पहिल्याच रविवारी शेजारधर्म म्हणून ताकाची वाटी घेऊन गेले. आजींनी ती घेतली नि लांबच्या फडताळात ठेवली. “आज मटण आहे गो घरात. तुझं ताक उद्या.”

मग त्या विळीवर नारळ खवायला बसल्या. खवलेलं खोबरं वाटून, पंचातून पिळून जाड रस काढला आणि रश्शात ओतला. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, असा तोरा या त्यांच्या धर्मग्रंथात दंडक आहे. म्हणून दूध आणि मांस एका जेवणात येत नाही. नियम जेरुसलेमचा, तोड मात्र कोकणच्या वाडीतली.

टीव्हीवर हमस-पिटा दाखवून ‘हे ज्यूंचं जेवण’ म्हणतात तेव्हा मला हसू येतं. हमस तिथल्या अरबांच्या घरात आधीपासून आहे. ज्यूंचं म्हणून एक ताट नाहीच. पथ्य एक, ताटं गावागणिक वेगळी. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या दिवसाला बेने इस्राएलांत जुनं नाव काय, तर बिरड्याचा सण! का, तर त्या दिवशी वालाचं बिरडं. पूर्वी यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा, शब्बाथला, म्हणजे शनिवारी, घाणा बंद, म्हणून लोक ‘शनवार तेली’ म्हणायचे. हे मला समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडे लिंगायत शेतकरी सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते की, नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात बाया नि सात पुरुष वाचले, पोथ्या बुडाल्या. पुढे दाविद रहाबी नावाचा ज्यू आला. हे खरेच आपले का, हे बघायला त्यानं बायकांपुढे मिसळीचे मासे टाकले. बायकांनी खवले-पर नसलेले, म्हणजे धर्मात वर्ज्य ते, बाजूला काढले. पटली ओळख. कोळंबीच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या कोळंबी न खाणं, हाच त्यांचा दाखला!

पण १९४८ नंतर हेच लोक इस्राएलला गेले, तर १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या लग्नांत वंशाची चौकशी लावली. मोर्चे निघाले, धरणं झालं, तेव्हा कुठं १९६४ मध्ये पूर्ण ज्यू म्हणून मान्यता. माझं स्पष्ट मत आहे: कागद मागणाऱ्या त्या पंडितांपेक्षा मासे निवडणाऱ्या बायकांना धर्म जास्त कळला होता.

आजी मलिदाही करायच्या. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावानं. देगलूरला उरुसात शेजारून येतो तो मलिदा पोळी कुस्करून गूळ-तुपाचा. नाव तेच. मी पहिल्यांदा तसं म्हणाले तर आजी म्हणाल्या, “मग तूप घातलंत ना, आमच्या मटणाच्या दिवशी चालायचा नाही.”

पुढे त्या मुलाकडे इस्राएलमध्ये दिमोनाला गेल्या. फोनवर मी विचारलं, तिकडं नारळ मिळतो का?

“डब्यातलं दूध मिळतं,” म्हणाल्या. “पिळायला काही नाही.”