विश्लेषण : जुनी जीप कमी खर्चात नवी करताना पैसा कुठे लावावा? कायदा कुठे आडवा येतो?

पहिल्या पिढीची ‘थार’ ऑक्टोबर २०१० मध्ये बाजारात आली. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांच्या नोंदणीची १५ वर्षे आता भरली आहेत. ‘जिप्सी’ची सामान्य ग्राहकांसाठी विक्री २०१९ मध्ये थांबली, तर त्याआधीच्या महिंद्राच्या जीप बहुतांश २० वर्षांपलीकडे गेल्या आहेत. नवी फोर बाय फोर गाडी आवाक्याबाहेर गेल्याने अनेक जण अशी जुनी गाडी घेतात आणि डेंटिंग-पेंटिंग, रुंद टायर, पुढे लोखंडी बंपर असा बेत आखतात. भिवंडी-वाडा रस्त्यावरील शेलारसारख्या गावातही हे काम करणे अवघड नाही. भिवंडी परिसरात मालवाहू वाहनांची मोठी वर्दळ असल्याने वेल्डर, डेंटर आणि पाटे बसवणारे कारागीर हाताशी असतात. पण गॅरेजमध्ये सहज होणारा प्रत्येक बदल पासिंगच्या वेळी मान्य होईलच असे नाही. मर्यादित पैशांत गाडी उभी करणाऱ्याने म्हणूनच पत्र्याआधी आरसी बुक तपासायला हवे.

कायदा नेमके काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हीच भूमिका स्पष्ट केली. राज्याच्या नियमांचा आधार घेऊनही मूळ रचनेत असा बदल करता येणार नाही, असे त्या निकालातून अधोरेखित झाले.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२ अ आले. परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. इथे ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. रुंद टायर, उंच केलेली गाडी आणि बदललेले छत हे तीन वेगळे बदल धरले, तर दंडही तिप्पट होतो.

रंग बदलता येतो का?

येतो. मात्र आरसीवर रंगाची नोंद असते आणि गाडीचा रंग तिच्याशी जुळला पाहिजे. आधी परिवहन कार्यालयाला कळवून मग रंगकाम करणे सर्वांत सुरक्षित. मान्यता न घेता केलेल्या बदलाची माहिती १४ दिवसांत द्यावी, असे कायदा सांगतो. गाडीवर कर्ज असेल तर वित्तसंस्थेची लेखी संमतीही लागते. पूर्ण गाडीला वेगळ्या रंगाचे स्टिकर लावले तरी रंग बदललाच, हे लक्षात ठेवावे. मूळ रंगच पुन्हा मारला तर यातली बहुतेक धावपळ वाचते.

एक रंग मात्र पूर्ण वर्ज्य आहे. जीपवाल्यांना सर्वाधिक मोह पडतो तो लष्करी हिरव्या रंगाचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार हा ऑलिव्ह ग्रीन रंग केवळ संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. लष्कराच्या लिलावातून घेतलेली गाडीही त्याच रंगात रस्त्यावर आणता येत नाही.

कोणते बदल अडचणीत आणतात?

पुढचे लोखंडी ‘बुल बार’ हे ठळक उदाहरण. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून त्यांच्यावर कारवाई करण्यास सांगितले. धडकेचा जोर पत्र्यात जिरण्याऐवजी थेट चासीवर जातो, पादचाऱ्याला गंभीर इजा होते आणि एअरबॅग असल्यास तिच्या वेळेतही गडबड होऊ शकते.

नियम १११ नुसार पुढे सर्चलाइट किंवा स्पॉटलाइट लावण्यास मनाई आहे. अपवादासाठी नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता लागते. वेगवेगळ्या सुरांचे हॉर्नही चालत नाहीत. ताडपत्रीच्या गाडीवर पक्के छत बसवले की आरसीवरील ‘बॉडी टाइप’ आणि प्रत्यक्ष गाडी यांत फरक पडतो. पाटे बदलून गाडी उंच केली की गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती उलटण्याचा धोका वाढतो. फार मोठ्या टायरमुळे ब्रेकवर ताण येतो आणि स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो. इंजिन बदलायचेच असेल तर त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे आणि परवानगी घेऊनच.

विमा हा यातला दुर्लक्षित भाग. कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर नुकसानभरपाईचा दावा अडकू शकतो.

१५ वर्षांनंतर सरकारी खर्च किती?

खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर योग्यता तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढते. १ एप्रिल २०२२ पासून हलक्या मोटारींसाठी हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. मुदत उलटल्यास महिन्याला ५०० रुपये विलंब शुल्काची तरतूद आहे. महाराष्ट्रात त्यावर हरित कर आणि २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटीचा खर्च येतो. म्हणजे गाडी स्वस्तात मिळाली आणि तिची नोंदणी चार वर्षांपूर्वीच संपली असेल, तर केवळ विलंबाचे २४ हजार रुपये होतात. सौदा ठरवण्यापूर्वी ही बेरीज करावी.

दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्याने तिकडच्या गाड्या इतर राज्यांत विक्रीला येतात. त्या घेताना ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रातील कर आणि नवा क्रमांक यांचा खर्च किमतीत धरावा.

मर्यादित पैसा कुठे लावावा?

जुन्या जीपचे पत्रे सपाट असतात आणि बरेचसे नट-बोल्टवर बसवलेले असतात. ते सुटे करून रंगवता येतात, म्हणून मजुरी वाचते. पहिला खर्च मात्र रंगावर नको. पायाखालचा पत्रा, बॅटरीखालची जागा, चाकांवरच्या कमानी आणि बॉडी चासीला जिथे टेकते ते सांधे आधी उघडे करावेत. गंजलेल्या पत्र्यावर पुटी भरली तर गाडी पावसाळ्याआधी छान दिसते. पावसानंतर फुगे येतात. गंजलेला भाग कापून नवा पत्रा जोडणे, एपॉक्सी प्रायमर आणि मग रंग हाच क्रम टिकतो. चासी क्रमांकावर पुटी किंवा जाड रंग चढू देऊ नये. पासिंगला त्याचा ठसा घेतला जातो, आणि क्रमांक वाचता आला नाही तर नवा रंगही उपयोगी पडत नाही.

दुसरा खर्च ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे आणि टायरवर. सप्टेंबर २०२५ मध्ये टायर आणि सुट्या भागांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने इथे थोडा दिलासा आहे. पेट्रोल गाडी असेल तर २० टक्के इथेनॉलच्या इंधनामुळे जुन्या रबरी नळ्या आणि सील तपासून बदलाव्यात.

रंगकाम ऑक्टोबर ते मे या कोरड्या महिन्यांत करावे. पावसाळ्यातील दमट हवेत रंगाची चमक जाते आणि थर नीट धरत नाही. शेलारसारख्या यंत्रमागांच्या वस्तीत आणखी एक अडचण असते: हवेतील सुताचे तंतू ओल्या रंगावर चिकटतात. शेड पडद्यांनी बंद करून आणि जमिनीवर पाणी मारून तो त्रास कमी होतो.

कारागिराच्या आरोग्याचे काय?

टिकाऊ आणि चमकदार ‘टू-के’ पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क त्यापासून वाचवत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. अशी सोय नसलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये साधा सिंथेटिक इनॅमल रोलरने किंवा ब्रशने मारणे अधिक शहाणपणाचे. जीपच्या सपाट पत्र्यावर तो पुरेसा चांगला दिसतो, खर्च कमी येतो आणि ओरखडा पडला तर घरी दुरुस्त करता येतो.

तोडगा काय असू शकतो?

जर्मनीत मान्यताप्राप्त तज्ज्ञ बदल तपासतात आणि सुरक्षित असेल तर कागदपत्रांत नोंद होते. भारतात सीएनजी किंवा विद्युत रूपांतराच्या संचांना पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्था मान्यता देतात, पण एखाद्या मालकाने स्वतःच्या गाडीत केलेला बदल तपासून घेण्याचा सोपा मार्ग नाही. परिणामी चांगला वेल्डर आणि निष्काळजी वेल्डर कायद्यापुढे सारखेच ठरतात, आणि दंड मालकाच्या माथी येतो. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणी आली. पण ती चासी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असणाऱ्यांसाठीच, आणि अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. तोवर कमी पैशांतला सर्वांत सुरक्षित बेत एकच: मूळ रंग, मूळ उंची, निरोगी पत्रा आणि चालू पासिंग.