असगंधाची मुळी : शेतातील आणि काचेतील

माळव्यातील नीमच व मंदसौर या भागांत असगंधाचे, म्हणजेच अश्वगंधाचे, पीक मोठे आहे. पावसाळा सरता सरता पेरावे, पाच-सहा महिन्यांनी मुळासकट उपटावे आणि नीमचच्या मंडीत आणावे, हा क्रम व्यापारी बंधूंस ठाऊकच आहे. आमचा धंदा धान्याचा. तथापि मुळी मोडून तिचा पांढरा, पिठूळ गाभा पारखणाऱ्या अडत्याचे आम्हांस कौतुक वाटते.

आता शास्त्रज्ञांनी निराळीच मुळी वाढविली आहे. मातीतील एक सूक्ष्म जंतू रोपाच्या जखमेत शिरून आपल्या जनुकांचा अंश पेशीत सोडतो व तेथे केसांसारख्या बारीक मुळ्या फुटतात. त्या तोडून साखर व क्षार यांच्या निर्जंतुक द्रावणात ठेवल्या, म्हणजे मातीवाचून व पानांवाचून वाढत राहतात. असगंधाच्या अशा मुळ्यांतही विथॅनोलाइड ही तिची औषधी द्रव्ये तयार होतात.

यामुळे मंडी बसेल काय? आम्हांस तसे वाटत नाही. निर्जंतुक टाक्या, वीज व राबता तज्ज्ञवर्ग यांचा खर्च पाहता, शेतात सहज पिकणाऱ्या मुळीशी स्पर्धा करणे कठीण आहे. या विद्येची खरी गरज आहे ती सह्याद्रीतील नरक्यासारख्या वृक्षास. त्यात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरील औषधांचे मूलद्रव्य असल्याने तो बेसुमार तोडला गेला. मूळ गेले की झाड संपते, हे आपल्या समाजास निराळे सांगावयास नको. हे द्रव्य १९६६ साली एका चिनी वृक्षातून प्रथम वेगळे करणाऱ्यांत नंदुरबारचे मनसुख वाणी होते, ही खानदेशास भूषणावह गोष्ट होय. जपानी संशोधकांनी २००१ साली दुसऱ्याच एका वनस्पतीच्या अशा मुळ्यांतून ते मिळविले. असे द्रव्य टाकीत विपुल होऊ लागले, तर जंगलावरील कुऱ्हाड थांबेल.

आमची चिंता भेसळीची आहे. मुळीच्या नावावर पाने खपू लागली, तेव्हा २०२१ साली आयुष मंत्रालयास उत्पादकांना ताकीद द्यावी लागली. उद्या काचेतील मुळीचा अर्क शेतातील म्हणून विकला गेला, तर प्रामाणिक अडत्या व शेतकरी दोघेही बुडतील. म्हणून पुडीवर मुळीचे उगमस्थान छापणे सक्तीचे व्हावे, आणि मंडीत विथॅनोलाइडचे प्रमाण तपासून भाव ठरावा. केवळ जाडी पाहून दर बांधण्याची आपली रीत आता पुरेशी नाही. पहिला तपासणी-यंत्राचा खर्च व्यापारी संघांनी उचलावा.