मदतीच्या यादीतील एक चौकट

पावसाने पाठ फिरविली की दहिवडी-म्हसवडच्या मुलखात सरकारी याद्यांचा हंगाम सुरू होतो, आणि पंचनाम्यापासून बँकेत रक्कम जमा होईपर्यंत शेतकऱ्याचे भवितव्य यादीतील एका आडव्या ओळीवर अवलंबून राहते. ती यादी आता एक्सेलच्या तक्त्यात तयार होते; आणि त्या तक्त्यातील एकटी चौकट, ज्यास कचेरीत सर्वजण सेल म्हणतात, उचलून काढण्याची अथवा मध्येच घुसविण्याची जी सोय आहे, ती लाभार्थ्यांच्या यादीत वापरण्यास सक्त मनाई असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

समजा, यादीतील एक खातेदार मयत आहे, वारसनोंद अद्याप झालेली नाही, आणि त्याचे बँक खाते बंद असल्याचे कळल्यावरून कारकुनाने तेवढा खाते क्रमांक काढावयाचे ठरविले. नुसती ‘डिलीट’ची कळ दाबली, तर ती चौकट जागच्या जागी रिकामी होते. परंतु कंट्रोल आणि वजाचे चिन्ह एकत्र दाबले, की मोकळ्या होणाऱ्या जागी उजवीकडची चौकट आणावयाची की खालची, असे यंत्र विचारते. आणि ‘शिफ्ट सेल्स अप’ला होकार मिळताच त्या रकान्यातील खालचा प्रत्येक खाते क्रमांक एकेक ओळ वर चढतो. नावे, गट क्रमांक, बाधित क्षेत्र व रक्कम मात्र हलत नाहीत. मयताच्या नावापुढे शेजाऱ्याचे खाते, शेजाऱ्यापुढे त्याच्या खालच्याचे, आणि शेवटचा शेतकरी खात्यावाचून! चौकट मध्ये घुसविली, तर हाच अनर्थ उलट दिशेने घडतो.

ही चूक सहजासहजी सापडत नाही, हे तिचे खरे भयंकरपण. रकमेचा रकाना जागेवर असल्याने एकूण बेरीज पैशापैशाने जुळते. गावातील पुष्कळांची खाती एकाच शाखेत असली, तर आयएफएससी कोडही ओळीओळीत तोच असतो. आणि बँक नाव पडताळील म्हणावे, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१० च्या परिपत्रकान्वये अशी रक्कम केवळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा करता येते. तळाची रिकामी चौकट तेवढी खूण उरते, आणि ‘खाते क्रमांक अप्राप्त’ असा शेरा पडला की तीही झाकली जाते.

या बाबतीत महसुली दप्तराची जुनी शिस्त अनुकरणीय आहे. हस्तलिखित सातबाऱ्यावरील नाव कमी करताना ते पुसून टाकीत नसत. त्यास कंस करीत, शेजारी फेरफार क्रमांक लिहीत, आणि त्या फेरफाराची हकीकत गाव नमुना सहामध्ये सापडे. कमी झालेले नावही वाचता येई आणि शेजारच्या नोंदीस धक्का लागत नसे. तक्त्यातही हे साधते: चौकट रिकामी ठेवून पुढे शेरा लिहावा, काढणे अटळ असल्यास संपूर्ण ओळ काढावी. यादीस आरंभीच ‘टेबल’चे रूप दिले, तर त्यातून एकटी चौकट निघतच नाही, निघते ती ओळ.

ज्या मुलखातील स्त्रियांनी १९९७ साली म्हसवडला स्वतःची बँक उभी केली, तेथे आपल्या खात्याचे आकडे ओळखणारी माणसे दुर्मिळ नाहीत. म्हणून तालुक्याच्या अधिकाऱ्यांना विनंती, की यादी बँकेकडे रवाना करण्यापूर्वी प्रत्येक नाव खात्याच्या शेवटच्या चार अंकांसह चावडीवर वाचून दाखवावे. आणि गावकऱ्यांनी त्या वेळी पासबुक हाती घेऊन हजर राहावे.