संशोधनाच्या अर्जावरची सही अडते, तेव्हा नुकसान रुग्णाचं होतं

"डॉक्टर, ही औषधं आपल्या लोकांवर तपासलेली असतात का?" हा प्रश्न रुग्ण मला बरेचदा विचारतात. प्रश्न रास्त आहे. आपण वापरतो त्यातले अनेक डोस आणि उपचारांचे नियम परदेशातल्या रुग्णांच्या अभ्यासावरून ठरलेले असतात. आपल्याकडचे शेतकरी, आपलं खाणं, आपला पावसाळा यांचा विचार त्यात फारसा नसतो.

मग आपल्याकडे संशोधन का होत नाही? "पैसा नाही" हे नेहमीचं उत्तर. ते खोटं नाही. सगळ्या प्रकारच्या संशोधनावर मिळून भारत आपल्या सकल उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो. पण आज मला बोलायचं आहे ते वेगळ्या अडचणीबद्दल. पैसा देणारे जिथे तयार असतात, तिथेही आपल्या डॉक्टरांचा अर्ज कॉलेजच्या बाहेर पडत नाही.

ग्रँट कशी मिळते?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, बाहेरच्या संस्थांमधल्या संशोधकांना प्रकल्पासाठी पैसे देते. हीच 'ग्रँट'. पण डॉक्टर एकटा अर्ज करू शकत नाही. पैसे संस्थेच्या खात्यात येतात, हिशोब संस्थेने ठेवायचा असतो. म्हणून अर्जासोबत संस्थाप्रमुखाचं पत्र लागतं. हा डॉक्टर आमच्याकडे काम करतो, त्याला जागा व उपकरणं देऊ, पैशांचा हिशोब देऊ, एवढाच त्या पत्राचा साधारण मजकूर.

या पानभर पत्रासाठी फाईल विभागप्रमुखांकडे जाते. तिथून संशोधन समिती, मग लेखा विभाग, मग डीन. काही विद्यापीठांत पुढे कुलसचिवांचं टेबलही असतं. परदेशी पैसा असेल तर परकीय योगदान कायद्याची नोंदणी आणि आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी, हे आणखी वेगळं.

दोन मंजुऱ्यांची गल्लत करू नका

इथे 'मंजुरी' या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली इथिक्स कमिटीची मंजुरी. ही तुमच्यासाठी असते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या समितीत ७ ते १५ सदस्य असावेत, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा आणि डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार, समाजशास्त्राचा अभ्यासक व एक सामान्य नागरिकही असावा. या अभ्यासात रुग्णाला धोका किती, त्याला नीट समजावून सांगणार का, इजा झाली तर जबाबदारी कुणाची, हे त्यांनी पाहायचं.

ही मंजुरी का हवी याचं एक उदाहरण देतो. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये मुलींना एचपीव्ही लस देण्याचा एक प्रकल्प चालू होता. काही मुलींच्या मृत्यूनंतर तो २०१० मध्ये थांबवला गेला. त्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची ही लस उपयुक्त आहे आणि मुलींना ती जरूर द्यावी. पण आंध्रात बऱ्याच संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचं उघड झालं, आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. म्हणून इथिक्स कमिटीने सवड घ्यावी, अवघड प्रश्न विचारावेत, प्रसंगी अर्ज परतही पाठवावा.

दुसरी मंजुरी कार्यालयाची. सही, शिक्का, जावक क्रमांक. तिचं काम पैशांची शिस्त राखणं. तेही गरजेचं आहे, पण त्याला आठवडे लागायचं काहीच कारण नाही.

प्रत्यक्षात चित्र उलटं दिसतं. कार्यालयात महिना जातो आणि इथिक्स कमिटीकडे फाईल घाईघाईने पोहोचते, किंवा पोहोचतच नाही.

एक पावसाळा वाया

माझा एक मित्र एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो. भाताच्या चिखलात काम करणाऱ्यांना पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस होतो. उंदरांच्या लघवीतून येणारा हा ताप लवकर ओळखला तर साध्या औषधांनी बरा होतो, उशीर झाला तर किडनी आणि फुप्फुसांवर जातो. गावपातळीवर तो पहिल्या दोन दिवसांत कसा ओळखावा, याचा अभ्यास त्याला करायचा होता. अर्जाला महिन्याभराची मुदत होती. फाईल एकदा परत आली, कारण प्रवासखर्चाच्या रकान्यावर लेखा विभागाचा शेरा नव्हता. दुसऱ्यांदा नमुना जुना होता म्हणून. तिसऱ्यांदा सही करणारे साहेब रजेवर होते. मुदत संपली. या सगळ्या काळात रुग्णाच्या सुरक्षिततेबद्दल एकाही टेबलावर एकही प्रश्न विचारला गेला नाही.

हा आजार पावसाळ्याचा आहे. एक मुदत हुकली की अख्खं वर्ष जातं, आणि त्या वर्षात ताप अंगावर काढणारा शेतकरी उशिराच दवाखान्यात येतो.

"पण जबाबदारी डीनची असते"

खरं आहे. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही तर लेखापरीक्षणात त्यांनाच उत्तर द्यावं लागतं. म्हणून हिशोब काटेकोर तपासा. पण हिशोब पैसे आल्यावर होतो. पैसे मिळतील की नाही हेही ठरलेलं नसताना नुसत्या अर्जाला एवढी धास्ती कशाची?

दुसरा युक्तिवाद असा की जिद्द असेल तर ग्रँटशिवायही काम होतं. उदाहरण महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं. लाल विंचवाच्या दंशावर प्रेझोसिनचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि कोकणातले असंख्य जीव वाचले. मागे कुठलंही मोठं विद्यापीठ नव्हतं. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण एका डॉक्टरने आयुष्य वेचलं म्हणून बाकीच्यांच्या वाटेत काटे ठेवायचे, हा कुठला न्याय? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचं २००५ ते २०१४ या दहा वर्षांतलं काम मोजलं होतं. त्यातल्या ३३२ संस्थांमधून एकही शोधनिबंध आला नव्हता. रुग्णांची गर्दी आणि रिकामी पदं ही कारणं आहेतच. सही मिळवण्याचा मनस्ताप हेही एक कारण आहे, आणि ते दूर करायला पैसा लागत नाही.

काय बदलायला हवं?

- अर्जाच्या पत्रावर सात कामकाजी दिवसांत सही व्हावी. नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावं.
- सही करणारे रजेवर असतील तर अधिकार कुणाला, हे आधीच ठरलेलं असावं.
- सगळ्या त्रुटी एकाच वेळी सांगाव्यात, एकेक करून नव्हे.
- इथिक्स कमिटीच्या बैठकांच्या वर्षभराच्या तारखा जाहीर असाव्यात. कमी धोक्याचा अभ्यास अनेक ठिकाणी होणार असेल तर एकत्रित तपासणीची सोय आयसीएमआरच्या नियमांत आहे, ती वापरावी.

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिवासाच्या दाखल्यालाही मुदत ठरलेली आहे. मग आजारावरच्या संशोधनाच्या अर्जाला का नसावी?

तुम्ही काय करू शकता?

एखाद्या अभ्यासात सहभागी व्हाल का, असं विचारलं तर लगेच घाबरू नका आणि लगेच होही म्हणू नका. इथिक्स कमिटीची मंजुरी आहे का ते विचारा. माहितीपत्रक मराठीत मागा आणि त्याची प्रत घरी न्या. मधेच बाहेर पडलात तरी तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. औषधाची चाचणी असेल तर तिची नोंद 'सीटीआरआय' या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते.

आणि तुमच्या जिल्ह्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय असेल तर माहिती अधिकारात दोन आकडे मागा. गेल्या वर्षी बाहेरच्या निधीसाठी किती अर्ज गेले, आणि प्रत्येक अर्जावर सही व्हायला किती दिवस लागले? डॉक्टरांनी हे विचारलं तर कटकट ठरते. नागरिकांनी विचारलं तर उत्तर द्यावंच लागतं.